गिटारच्या पोटात आर्द्रतेचा आकडा लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गिटार बांधण्यावर आलेला लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती आणि ब्रेसची, म्हणजे आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्यांची, मांडणी दाखवणारी आकृतीही नेमकी होती. पण लाकडाच्या परिच्छेदात, लाकूड एकदा चांगलं वाळलं की मग हवेची चिंता उरत नाही, अशा अर्थाचं एक विधान आहे. अख्ख्या लेखात आर्द्रतेचा विषय तेवढ्यावरच संपतो. मी गिटार बांधते आणि त्याहून जास्त दुरुस्त करते. टॉपला, म्हणजे तारांखालच्या पुढच्या पाटीला, भेग गेलेल्या ज्या गिटारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच याच समजुतीच्या बळी असतात. म्हणून हे पत्र.

लाकूड वाळतं, पण ते वाळून संपत नाही. झाड तोडल्यावर आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी निघून जातं आणि तोवर फळीच्या मापात फारसा फरक पडत नाही. ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतींमधलं पाणी सुटू लागतं, आणि लाकूड आकसायला सुरुवात होते ती तिथून. पुढे ते भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं, आणि ही जुळवाजुळव कधीच थांबत नाही. हवेची आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडात साधारण साडेसात टक्के ओलावा राहतो, ६५ टक्के असेल तर १२, आणि ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. जुनं, मुरलेलं लाकूड चांगलं हे मलाही मान्य आहे. त्यातले ताण सुटलेले असतात, ते रंध्याखाली शहाण्यासारखं वागतं. पण दमट हवेत तेही सादळतं आणि कोरड्या हवेत तेही आकसतं. विक्रेते ‘इतकी वर्षं मुरवलेलं’ असं अभिमानाने सांगतात, तेव्हा ते गेल्या आठवड्यात कुठल्या हवेत ठेवलं होतं, हे मी आधी विचारते. उत्तर बहुधा मिळत नाही.

आता टॉपचं पाहू. एकाच फळीच्या दोन पातळ पाट्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडल्या की टॉप तयार होतो. खालच्या रुंद भागात त्याची रुंदी ४०० मिलिमीटरच्या जवळपास असते. जाडी स्टीलच्या तारांच्या गिटारला तीन मिलिमीटरच्या आतबाहेर, तर नायलॉनच्या तारांच्या क्लासिकलला दोन ते अडीच. एवढ्या पातळ पाटीला हवा लागायला वेळ लागत नाही. तासाभरात ती हलायला लागते आणि एक-दोन दिवसांत बरीचशी हवेशी जुळते.

किती हलते? सिटका स्प्रूस ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने ४.३ टक्के आकसतं, वाढीच्या वर्तुळांना समांतर ७.५ टक्के, आणि तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणूनच टॉपसाठी क्वार्टरसॉन फळी घेतात, जिच्या टोकाकडून पाहिलं तर रेषा पृष्ठभागावर काटकोनात उभ्या दिसतात. अशी फळी घेतली तरी हवा ४० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली की ४०० मिलिमीटरचा टॉप रुंदीत साडेचार ते पाच मिलिमीटर वाढतो. तिरपी, आडव्या रेषांची फळी घेतली तर आठच्या पुढे. लांबीत मात्र तोच टॉप फार तर पाव मिलिमीटर सरकेल. वेस्टर्न रेड सीडर याबाबतीत शांत आहे, त्याचा त्रिज्येच्या दिशेचा आकडा २.४ टक्के. पण ते मऊ आणि ठिसूळ असतं, पटकन चिरतं, त्यामुळे त्याच्याकडूनही निष्काळजीपणाची सवलत मिळत नाही.

पाच मिलिमीटर रुंदावणं हे स्वतः काही संकट नाही. सुटी पाटी टेबलावर खुशाल फुगो आणि आकसो, तिला काही होत नाही. तिच्या पोटाला ब्रेस चिकटवले की खरी गोष्ट सुरू होते. ब्रेस म्हणजे स्प्रूसच्याच पट्ट्या, पण त्यांचे तंतू त्यांच्या लांबीने धावतात आणि टॉपच्या रेषांना त्या आडव्या किंवा तिरक्या बसतात. साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, वरची पट्टी तर सरळ काटकोनात. म्हणजे जी दिशा हलत नाही ती, जी सर्वांत जास्त हलते तिला सरसाने जखडून टाकते. ज्या हवेत हा सांधा झाला, त्या हवेत दोघांचं भांडण नाही. हवा बदलली की आहे.

दमट हवेत टॉपला रुंदावायचं असतं आणि ब्रेस त्याला आतून धरून ठेवतात. मग तो बाहेर फुगतो, ब्रिज, म्हणजे टॉपवरची तारा अडकवायची पट्टी, वर उचलला जातो, तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या फ्रेट बसवलेल्या फळीपासून, लांब जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं दुखू लागतात. कोरड्या हवेत याच्या उलट: टॉप आत बसतो, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली येते, तारा फ्रेटवर खरखरतात. त्यापुढेही हवा कोरडी होत गेली तर टॉपला आकसायला वाव उरत नाही आणि तो रेषेतून फाटतो. भेग बहुधा ब्रिजच्या खालून शेपटाकडे जाते, नाहीतर फ्रेटबोर्डच्या कडेने साउंडहोलकडे, कारण ब्रिज आणि फ्रेटबोर्ड हेही टॉपला जखडणारेच. जुन्या काही गिटारींत पिकगार्डच्या, म्हणजे ओरखडे टाळायला टॉपवर लावलेल्या पातळ पट्टीच्या, कडेने गेलेली भेग दिसते. तिथे लाकडाइतकाच दोष आकसलेल्या सेल्युलॉइडचा असतो, ती वेगळी गोष्ट.

या दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत, हे मला ठासून सांगायचं आहे. फुगलेला टॉप हवा कोरडी झाली की बहुतेक वेळा जागेवर येतो. फाटलेला टॉप दमट हवेत मिटतो, पण सांधत नाही. म्हणून बांधकाम कोरड्या बाजूला झुकलेलं बरं. गिटार बांधणारे सर्वसाधारणपणे ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान काम करतात, ते याच हिशोबाने. ६५ टक्के हवेत ब्रेस बसवलेली गिटार ४० टक्के हवेत गेली, तर टॉपला अडीच मिलिमीटरहून जास्त आकसायचं असतं आणि ब्रेस ते होऊ देत नाहीत. ती गिटार दुकानात सुंदर दिसते. तिच्या पोटात काय बसवून ठेवलंय ते पहिल्या कोरड्या हंगामात कळतं.

यावर, टॉपला गोलाई दिली की भेग पडत नाही, असं एक ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं. आपल्या लेखातही गोलाईचा उल्लेख आहे. ब्रेसचा खालचा काठ २५ फुटांच्या त्रिज्येने किंचित कमानदार रंधतात, म्हणजे चिकटवल्यावर टॉप मधोमध अडीच मिलिमीटरच्या आसपास उचललेला राहतो. पण म्हणून त्या कमानीत फार मोठी ढील साठवलेली आहे असं नाही. कमान पूर्ण सपाट केली तर ४०० मिलिमीटर रुंदीत हाती येणारी जादा लांबी ०.०५ मिलिमीटरही भरत नाही. वहीच्या मागच्या पानावर भूमिती मांडून पाहावी. गोलाईचे खरे फायदे दुसरे आहेत. तारांच्या ओढीखाली टॉप ताठ राहतो, आणि कोरड्या हवेत ब्रेससकट वाकून खाली येताना सपाट होईपर्यंत त्याला थोडी मुभा मिळते. हा फायदा खराच आहे. दमट हवेत केलेल्या सांध्यावर तो उतारा मात्र नाही.

हे सगळं डोळ्यांना दिसावं यासाठी माझ्या बाकावर एक साधी पट्टी असते. टॉपच्या उरलेल्या तुकड्यातून रेषेला आडवी अशी एक वीतभर लांब, दीड मिलिमीटर जाडीची पट्टी कापायची. तेवढीच दुसरी पट्टी रेषेच्या दिशेने कापायची. कार्यशाळेतली हवा ४५ टक्क्यांवर स्थिर असताना दोन्ही एकमेकींना सपाट दाबून चिकटवायच्या, आणि गोंद पुरता सुकला की एक टोक लाकडी ठोकळ्यात बसवून ती बाकावर उभी करायची. ४५ ला ती सरळ असते. हवा दमट झाली की आडव्या रेषेची बाजू लांबते आणि पट्टी तिच्या पाठीवर फुगून वाकते, कोरडी झाली की उलट्या बाजूला. वीस-पंचवीस टक्के फरकाला टोक बोटभर सरकतं. ब्रेस लावलेला टॉप नेमकं हेच करत असतो, फक्त इतक्या उघडपणे नाही. शिकायला येणाऱ्यांना मी आधी ही पट्टी करायला लावते, गिटारचं नाव नंतर. पट्टी वाकलेली असेल त्या दिवशी रोझेटची, म्हणजे साउंडहोलभोवतीच्या नक्षीची, खाच काढावी, मान तासावी, झाडलोट करावी, पण ब्रेसला हात लावू नये.

आकडा हवाच असेल तर हायग्रोमीटर, म्हणजे हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र, लागतो, आणि स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, पाण्याचे थेंब टाकून ते ओलं करायचं, पण विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एकत्र रात्रभर ठेवायचे. मीठ आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून धरतं. काट्याने ८० दाखवले तर तो तिथे पाचने पुढे आहे. मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर त्याने ३३ टक्क्यांचीही खूण मिळते, आणि आपल्या कामाचे ४५ या दोन खुणांच्या मध्ये येतात. आर्द्रता मोजायला माणसाचा केस वापरण्याची युक्ती सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात, १७८३ च्या सुमारास मांडली होती. केस दमट हवेत लांबतो, त्यावर काटा फिरतो. त्या जातीची यंत्रं अजून वापरात आहेत आणि नीट जुळवली तर उत्तम चालतात. बॅटरी संपत नाही, हा त्यांचा आणखी एक गुण.

हवेचा आकडा एक आणि लाकडातल्या ओलाव्याचा आकडा दुसरा, हेही लेखात यायला हवं होतं. आज सकाळी खोली ४५ वर आणली म्हणजे काल दमट जागेतून आलेली पाटी ४५ ची झाली असं नाही. ते कळायला वजनकाटा बरा. तासण्याआधीचा, ५५० बाय ४०० मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाड स्प्रूसचा टॉप साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरतो आणि त्यात एक टक्का ओलावा म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. एका ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर हे स्पष्ट दिसतं. मी पाटीवरच पेन्सिलने वजनं लिहीत जाते. रोजचा आकडा खाली उतरायचा थांबला की पाटी तयार. त्यातही एक मेख आहे: दमट बाजूने वाळत आलेलं लाकूड आणि कोरड्या बाजूने ओलावत आलेलं लाकूड एकाच हवेत एकाच ओलाव्यावर थांबत नाही. पहिल्यात टक्काभर जास्त उरतो. म्हणून पाटी आधी थोडी जास्त कोरडी करून मग ४५ वर आणणं मला पटतं.

पाटी ठेवायची कशी, यावर तर बोलायलाच नको. टेबलावर सपाट ठेवली की वरच्या बाजूला हवा मिळते, खालची झाकलेली राहते, आणि सकाळी पाटीची पन्हळ झालेली असते. खोलगट बाजू ती जास्त कोरडी. नवशिका घाबरून तिच्यावर वजन ठेवतो. वजन नको, उलटी करा, किंवा दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी पट्ट्यांवर ठेवा, ती आपली आपण सरळ होते.

गोंदातही पाणी असतं हे विसरलं जातं. पांढऱ्या गोंदात जवळपास निम्मं पाणीच. गरम सरस साठ अंशांच्या आसपास पातळ करून लावतात, त्यातही पाणी असतंच. सगळे ब्रेस एका बैठकीत ओल्या गोंदाने चिकटवले की ब्रेसखालचे पट्टे फुगतात. क्लॅम्प काढल्या काढल्या टॉपची गोलाई पाहून खूश होण्यात अर्थ नाही, दोन-तीन दिवसांनी जी उरेल ती खरी. ब्रेस तासून टॉप ठोकून ऐकणंही त्यानंतरच. दमट टॉप जड आणि मऊ असतो, त्याचा आवाज खालचा आणि दबका येतो. त्या आवाजावर भरवसा ठेवून कोणी ब्रेस आणखी तासले किंवा तसेच ठेवले, तर तो दोन्हीकडे फसतो.

खोलीच्या हवेविषयी थोडं. पुष्कळ लोक तापमानाला आर्द्रता समजतात. तेवढ्याच पाण्याची हवा तापवली की सापेक्ष आर्द्रता घसरते, म्हणजे पाणी तेवढंच आणि भांडं मोठं. शून्य अंशाची पूर्ण भरलेली हवा घनमीटरला ४.८ ग्रॅम पाणी धरते. तीच आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर जिथे १७.३ ग्रॅम मावलं असतं तिथे ४.८ च उरतं आणि आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. थंड देशांत गिटारी हिवाळ्यात तडकतात त्या थंडीने नव्हे, खोलीतल्या हीटरने. उलट एसी खोली गार करताना काही पाणी काढून टाकतो, पण खोली हवी तेवढी गार झाली की त्याचं पाणी काढणंही थांबतं आणि दमटपणा परत चढतो. एसी म्हणजे डीह्युमिडिफायर नव्हे. मोठी कार्यशाळा आटोक्यात येत नसेल तर एक कपाट किंवा छोटी खोली पुरे. टॉप, बॅक आणि ब्रेस तिथे राहतील, सांधे तिथे होतील, बाकी रंधकाम बाहेर.

पॉलिशने हे सगळं टळतं का? नाही. लाकराचा थर ओलाव्याचा वेग कमी करतो, त्याला अडवत नाही. शिवाय तो फक्त बाहेरून असतो. गिटारचं पोट आतून उघडं लाकूड असतं आणि साउंडहोल सदैव उघडं. भट्टीत तापवून पक्कं केलेलं लाकूड कमी ओलावा घेतं, आडव्याउभ्या थरांचा लॅमिनेट टॉप सहसा फाटत नाही, कार्बन फायबरला तर हवेशी देणंघेणंच नाही. ज्याला हवं त्याने ते जरूर वापरावं. पण लेखात शिफारस होती अखंड स्प्रूसच्या टॉपची, आणि ती योग्यच होती. आंतोनिओ दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये मागची बाजू आणि कडा पुठ्ठ्याच्या करून गिटार बांधली होती, आवाजाचा मोठा वाटा टॉपचा असतो हे दाखवायला. ज्या भागावर एवढं अवलंबून, त्याच्या हवेला लेखात एक वाक्य मिळावं, तेही चुकीचं, हे खटकलं.

जुन्या कारागिरांकडे कुठे होते हायग्रोमीटर, असं कोणी विचारेल. नसतील, पण हवा बघून काम करण्याची अक्कल होती. कोरडे दिवस सांध्यांसाठी राखायचे, दमट दिवसांत दुसरी कामं काढायची. घाई आपल्याला आहे, कारण खोक्यात येणाऱ्या किटसोबत ‘आठवड्याच्या शेवटी गिटार तयार’ असं लिहिलेलं असतं.

माझी विनंती दोघांना आहे. आपल्याला ही, की लेखाची दुरुस्ती छापावी आणि पुढे अशा विषयावर लिहिताना ब्रेस कुठल्या हवेत चिकटवले हे लेखकाला विचारावं. आणि गिटार बांधणाऱ्यांना, छंदाने बांधोत की धंद्याने, अशी की साउंडहोलमधून दिसणाऱ्या लेबलवर आपण नाव आणि साल लिहितोच, त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: टॉपला ब्रेस लावले तेव्हाची आर्द्रता आणि तापमान. ‘४५ टक्के, २३ अंश’, एवढंच. विकत घेणाऱ्याला आपली गिटार कुठल्या हवेत सुखात राहील हे त्यावरून कळेल, आणि माझ्यासारखीला दुरुस्तीआधी टॉप किती ओला किंवा कोरडा करून भेग मिटवायची, याचा अंदाज येईल. ज्याला तो आकडा लिहिता येत नाही त्याने सांधा करताना तो पाहिलेला नसतो, आणि हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
गिटार बांधणारी आणि दुरुस्त करणारी एक कारागीर